प्रवेशाची शक्यता : अंदाज कसा बांधावा?

जून महिना जवळ आला की कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात दोन प्रश्नांची चर्चा एकाच वेळी सुरू होते. मेट्टूर धरणाचे पाणी प्रथेप्रमाणे १२ जूनला सुटेल काय, हा पहिला प्रश्न. आणि घरातील मुलाला वा मुलीला कोणत्या महाविद्यालयात प्रवेश मिळेल, हा दुसरा. दोन्ही प्रश्नांवर वर्षभराचे, क्वचित आयुष्यभराचे नियोजन अवलंबून असते. दोहोंतही अंदाज बांधावाच लागतो. मात्र पाण्याचा अंदाज धरणातील पातळी पाहून केला जातो, तर प्रवेशाचा अंदाज बहुधा मुलाच्या हुशारीवरील विश्वासावर केला जातो. नेमकी येथेच गफलत होते.

कुंभकोणमच्या पूर्वेला, मयिलाडुतुरैकडे जाणाऱ्या रस्त्यावर आडुतुरै हे गाव आहे. तंजावरच्या मराठी राज्याचा हा जुना मुलूख. गावालगतच्या गोविंदपुरम येथे आज विठ्ठल-रुक्मिणीचे भव्य मंदिर उभे आहे आणि तेथे मराठी अभंगांचे स्वर ऐकू येतात. परंतु आडुतुरैची देशभरची ओळख आहे ती भातामुळे. १९२२ साली येथे भात संशोधन केंद्र स्थापन झाले आणि येथून निघालेल्या वाणांना 'ए.डी.टी.' ही आडुतुरैचीच आद्याक्षरे लाभली. या केंद्राच्या कामकाजात एक साधे तत्त्व आहे. एखादा वाण 'चांगला' आहे किंवा नाही, असे तेथे मोघमपणे विचारले जात नाही. कोणत्या हंगामात, कोणत्या जमिनीत, किती दिवसांत, असे विचारले जाते. सुमारे ११० दिवसांत तयार होणारा ए.डी.टी. ४३ हा वाण अल्पमुदतीच्या 'कुरुवै' हंगामासाठी योग्य. दीर्घ मुदतीच्या 'सांबा' हंगामाचे गणित निराळे. वाणाचा कस आणि हंगामाची अट या दोन गोष्टी जुळल्या, तरच पीक हाती येते.

विद्यार्थ्याच्या प्रवेशाचा विचारही याच पद्धतीने करावयास हवा. 'आमचा मुलगा हुशार आहे, त्याला प्रवेश मिळेल काय?' हा प्रश्न अपुरा आहे. 'ही संस्था ज्या पद्धतीने निवड करते, त्या पद्धतीत याच्याजवळचा पुरावा किती भरतो?' हा खरा प्रश्न होय.

कुंभकोणमचे एक उदाहरण

या भेदाचे सर्वांत बोलके उदाहरण आडुतुरैच्या शेजारीच घडले. कावेरीकाठी वसलेल्या कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयाची स्थापना १८५४ सालची. विद्वत्तेच्या परंपरेमुळे त्यास 'दक्षिण भारताचे केंब्रिज' म्हटले जाई. १९०४ साली श्रीनिवास रामानुजन नावाचा विद्यार्थी शिष्यवृत्ती मिळवून तेथे दाखल झाला. शालेय शिक्षणात त्याने गणिताचे पारितोषिक मिळविले होते. परंतु महाविद्यालयात गणितावाचून अन्य विषयांकडे त्याचे लक्ष लागेना. इंग्रजीत तो अनुत्तीर्ण झाला आणि शिष्यवृत्ती गेली. निराश झालेला हा मुलगा १९०५ साली घर सोडून विशाखापट्टणमकडे निघून गेला. पुढे मद्रासच्या पच्चैयप्पा महाविद्यालयात त्याने पुन्हा प्रयत्न केला. पण १९०६ आणि १९०७ अशा दोन्ही वर्षी एफ.ए.ची परीक्षा त्याला उत्तीर्ण होता आली नाही.

तोच विद्यार्थी १९१४ साली केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात पोहोचला. १९१६ मध्ये त्याला संशोधनाच्या आधारे तेथील पदवी मिळाली. १९१८ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला आणि त्याच वर्षी ट्रिनिटीचा फेलोही झाला.

एकाच विद्यार्थ्याविषयी दोन 'केंब्रिजनी' दिलेले हे दोन परस्परविरोधी निकाल होते. यातील एक निकाल अन्यायाचा आणि दुसरा न्यायाचा, असे म्हणून विषय संपत नाही. कुंभकोणमच्या महाविद्यालयाची कसोटी सर्व विषयांत उत्तीर्ण होणे ही होती. त्या कसोटीवर रामानुजन खरोखरच कमी पडले. केंब्रिजमध्ये प्राध्यापक हार्डी यांच्यापुढे कसोटी होती ती केवळ गणितातील नव्या निष्कर्षांची. विद्यार्थी तोच होता. कसोटी बदलली आणि त्याबरोबर शक्यताही बदलली.

या कथेतील आणखी दोन गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत. पहिली अशी की, हार्डी यांना १६ जानेवारी १९१३ रोजी पत्र लिहिण्यापूर्वी रामानुजन यांनी केंब्रिजच्याच बेकर आणि हॉब्सन या दोन नामांकित गणितज्ञांनाही आपले काम पाठविले होते. तेथून त्यांना साहाय्य मिळाले नाही. तीन दारे ठोठावली, तेव्हा एक उघडले. दुसरी गोष्ट अशी की, पत्र पाठविण्याच्या वेळी ते रिकाम्या हाताने उभे नव्हते. १९११ साली त्यांचा शोधनिबंध भारतीय गणित संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता आणि १ मार्च १९१२ पासून ते मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब विभागात लिपिकाची नोकरी करीत होते. मोठ्या संधीचा प्रयत्न चालू असताना चरितार्थाची सोय त्यांनी सोडली नव्हती.

तथापि या उदाहरणाचा आधार घेऊन 'रामानुजन नापास झाले तरी मोठे झाले, आपलेही होईल' असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. अपवादाची कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. अनुत्तीर्ण होऊन मागे राहिलेल्या सहस्रावधींची कथा कोणी सांगत नाही. कथांवरून शक्यता मोजता येत नाही. तिच्यासाठी आकडेच पाहावे लागतात.

छेद कोणता घेतला?

शक्यता म्हणजे एक अपूर्णांक होय. अंशस्थानी उपलब्ध जागा आणि छेदस्थानी उमेदवार. बहुतेक घरांतून अंशाची चर्चा होते. छेदाकडे दुर्लक्ष होते.

आय.आय.टी.चे उदाहरण घेऊ. २०२४ साली सर्व आय.आय.टी. मिळून १७,७४० जागा होत्या. त्या वर्षी जे.ई.ई. मेन ही प्राथमिक परीक्षा सुमारे १४ लाख १५ हजार विद्यार्थ्यांनी दिली. या छेदाने भागल्यास प्रमाण साधारण सव्वा टक्का येते. परंतु प्रत्यक्ष निवड ज्या परीक्षेवर होते, त्या जे.ई.ई. ॲडव्हान्स्डला १,८०,२०० विद्यार्थी बसले. या छेदाने प्रमाण सुमारे दहा टक्के होते. दोन्ही आकडे बरोबर आहेत. पहिली परीक्षा अद्याप द्यावयाची असलेल्या मुलासाठी पहिला आकडा, आणि ती ओलांडलेल्यासाठी दुसरा. विद्यार्थी ज्या पायरीवर उभा आहे, त्या पायरीचा छेद घेणे हाच नियम होय.

दहा टक्के हीदेखील सरासरीच. आवडती शाखा ठरवून बसल्यास ती झपाट्याने घटते. मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये संगणक अभियांत्रिकीच्या खुल्या जागा अलीकडच्या वर्षांत पहिल्या शंभर क्रमांकांच्या आतच भरल्या आहेत. 'आय.आय.टी. मिळेल काय' आणि 'अमुक आय.आय.टी.त अमुक शाखा मिळेल काय' हे दोन अगदी वेगळे प्रश्न आहेत.

टक्के आणि पर्सेंटाइल

पालकांची सर्वाधिक फसगत करणारा शब्द म्हणजे 'पर्सेंटाइल'. हे गुणांचे टक्के नव्हेत. ९९ पर्सेंटाइल याचा अर्थ शंभरातील ९९ गुण असा नसून, परीक्षा देणाऱ्यांपैकी ९९ टक्के विद्यार्थी या विद्यार्थ्याच्या बरोबरीला वा मागे आहेत, एवढाच. चौदा लाखांच्या परीक्षेत ९९ पर्सेंटाइल मिळविणाऱ्याच्या पुढेही सुमारे चौदा हजार विद्यार्थी असतात. शाळेत, गावात, कदाचित तालुक्यातही तो पहिला असेल. परंतु प्रवेशाच्या रांगेत त्याचा क्रमांक चौदा हजारांच्या घरात आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे अपेक्षाभंग टळतो. महाराष्ट्रातील एम.एच.टी.-सी.ई.टी.च्या पर्सेंटाइललाही हेच लागू पडते. म्हणून पर्सेंटाइलवर न थांबता तो क्रमांकात बदलून घ्यावा आणि मगच मागील वर्षांच्या प्रवेश-क्रमांकांशी ताडून पाहावा.

नियम बदलला की जुने आकडे फोल

मागील वर्षांचे शेवटचे क्रमांक, म्हणजे 'कट-ऑफ', हा अंदाजाचा उत्तम आधार आहे. एकाच वर्षाऐवजी किमान तीन वर्षांचे क्रमांक पाहावेत, कारण एखाद्या वर्षी प्रश्नपत्रिका सोपी निघाली वा जागा वाढल्या तरी क्रमांक सरकतात. परंतु या आधाराला एक अट आहे : निवडीची पद्धत तीच राहिली पाहिजे.

तामिळनाडूत अभियांत्रिकीसाठी राज्याची प्रवेश परीक्षा होती; २००७ पासून ती बंद होऊन बारावीचे गुण हाच आधार ठरला. गणिताचे १००, भौतिकशास्त्राचे ५० आणि रसायनशास्त्राचे ५० अशा २०० गुणांवर तेथे क्रमवारी लागते. वैद्यकीय प्रवेश मात्र २०१७ पासून 'नीट' परीक्षेवर गेले. २०२० पासून वैद्यकीय, तर २०२१ पासून अभियांत्रिकी आदी अभ्यासक्रमांत सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांसाठी साडेसात टक्के जागा राखीव झाल्या. म्हणजे आडुतुरैच्या एकाच घरातील दोन भावंडांनी, काही वर्षांच्या अंतराने, सारख्याच गुणांवर अर्ज केला तरी त्यांची शक्यता सारखी असेलच असे नाही. दिल्ली विद्यापीठात २०२१ साली काही अभ्यासक्रमांची पहिली यादी शंभर टक्के गुणांवर लागली होती. २०२२ पासून सी.यू.ई.टी. ही प्रवेश परीक्षा आली आणि त्या शंभर टक्क्यांना जुना अर्थ उरला नाही.

याच ओघात स्थानिक जागांचा विचार करावा. आय.आय.टी.त राज्यनिहाय वाटा नाही. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांत, म्हणजे एन.आय.टी.त, निम्म्या जागा त्या-त्या राज्याच्या विद्यार्थ्यांसाठी असतात. कावेरीकाठच्या विद्यार्थ्याला तिरुचिरापल्लीची एन.आय.टी. आणि विदर्भातील विद्यार्थ्याला नागपूरची व्ही.एन.आय.टी. या दृष्टीने अधिक जवळची ठरते. अन्य राज्यांच्या रांगेत पाहिलेला क्रमांक स्वतःला लावून घेणे ही नेहमी आढळणारी चूक आहे.

परदेशी विद्यापीठे : जेथे क्रमवारीच नसते

अमेरिकेतील नामांकित विद्यापीठांत एकाच परीक्षेच्या क्रमांकावर निवड होत नाही. गुण, निबंध, शिक्षकांची शिफारसपत्रे, अभ्यासाबाहेरील कार्य आणि विद्यापीठाची त्या वर्षीची गरज अशा अनेक गोष्टींचा एकत्रित विचार केला जातो. २०२४ साली पदवीच्या पहिल्या वर्षात घेण्यासाठी हार्वर्डकडे ५४,००८ अर्ज आले आणि १,९३७ जणांना प्रवेश देऊ करण्यात आला. म्हणजे शंभरात चारांहूनही कमी.

येथेही सरासरी फसवी असते. हार्वर्डच्या निवडपद्धतीविरुद्ध चाललेल्या आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयात निकाल लागलेल्या खटल्यात जी आकडेवारी पुढे आली, तिच्यानुसार माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्रवेश मिळण्याचे प्रमाण सहा वर्षांच्या तुकड्यांत ३३.६ टक्के होते, तर इतरांचे ५.९ टक्के. अर्थात ज्या अर्जदाराला असा कोणताही विशेष आधार नाही, त्याची शक्यता प्रसिद्ध झालेल्या सरासरीपेक्षा कमी धरणेच शहाणपणाचे. त्याखेरीज, आर्थिक साहाय्य मागितल्याने परदेशी अर्जदाराच्या निवडीवर परिणाम होऊ न देणारी हार्वर्ड, एम.आय.टी. यांसारखी विद्यापीठे मोजकी आहेत. अन्यत्र साहाय्याची मागणी विचारात घेतली जाऊ शकते. ही माहिती विद्यापीठे स्वतः प्रसिद्ध करतात आणि अर्जापूर्वी ती अवश्य वाचावी.

इंग्लंडच्या केंब्रिजमध्ये दरवर्षी वीस हजारांहून अधिक अर्ज येतात आणि सुमारे साडेतीन हजार विद्यार्थी दाखल होतात. हे प्रमाण हार्वर्डहून बरेच सोपे भासते. वस्तुतः इंग्लंडच्या पद्धतीत विद्यार्थ्याला मोजक्याच निवडी नोंदविता येतात आणि ऑक्सफर्ड व केंब्रिज या दोहोंकडे एकाच वर्षी अर्ज करता येत नाही. त्यामुळे ज्यांची तयारी पक्की आहे तेच बहुतांशी अर्ज करतात. छेद लहान आहे, पण कसदार आहे. छेदात किती जण आहेत याइतकेच, कोण आहेत हेही महत्त्वाचे.

दहा अर्ज केले तर?

'एका ठिकाणी चार टक्के शक्यता, मग दहा ठिकाणी अर्ज केल्यास चाळीस टक्के' असा हिशेब पुष्कळदा मांडला जातो. तो चुकीचा आहे. प्रत्येक ठिकाणी नकाराची शक्यता ९६ टक्के धरली आणि दहाही निर्णय परस्परांपासून पूर्णपणे स्वतंत्र मानले, तर दहाही ठिकाणी नकार येण्याची शक्यता सुमारे ६६ टक्के निघते. म्हणजे किमान एक होकार मिळण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के. परंतु हे निर्णय पूर्णपणे स्वतंत्र नसतात. अर्ज तोच, निबंध तोच, गुणपत्रक तेच. जी उणीव एका निवड समितीला दिसते, ती दुसरीलाही दिसण्याचा संभव असतो. म्हणून प्रत्यक्ष शक्यता चार आणि चौतीस यांच्या दरम्यान कोठेतरी राहते.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, अधिक ठिकाणी प्रयत्न करणे उपयुक्त आहे. रामानुजन यांनाही तिसऱ्या पत्राने तारले. दोन, एकाच प्रकारच्या दहा अतिकठीण संस्थांची यादी म्हणजे सुरक्षितता नव्हे. सर्व शेतात एकच वाण लावणारा शेतकरी एका रोगाने बुडतो. यादीत तीन स्तर असावेत : जेथे प्रवेश मिळणे कठीण आहे अशा काही संस्था, जेथे मागील तीन वर्षांचे क्रमांक जुळतात अशा काही, आणि जेथे प्रवेश जवळपास निश्चित आहे अशा किमान दोन. शेवटच्या दोन संस्था विद्यार्थ्याला मनापासून मान्य असाव्यात. केवळ रकाना भरण्यासाठी लिहिलेल्या नसाव्यात.

शक्यता आणि कर्ज

प्रवेशाच्या अंदाजाशी घरच्या पैशाचा थेट संबंध आहे. शिकवणी, परीक्षा, अर्ज यांचा खर्च प्रवेशापूर्वीच होतो आणि तो शैक्षणिक कर्जात सहसा येत नाही, कारण कर्ज हे प्रवेश निश्चित झाल्यावर मंजूर होते. अत्यल्प शक्यतेच्या भरवशावर जमीन वा दागिने अडकवून हा खर्च करण्यापूर्वी कुटुंबाने एकत्र बसून मर्यादा ठरवावी.

प्रवेशानंतरचा हिशेबही आधीच मांडून पाहावा. उदाहरणादाखल, चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षाच्या आरंभी ५ लाख याप्रमाणे २० लाख रुपये कर्ज घेतले आणि व्याजदर १० टक्के धरला. अभ्यासक्रमाचा काळ व त्यापुढील एक वर्ष परतफेड स्थगित असते. परंतु व्याज थांबत नाही. या पाच वर्षांत सरळव्याजाने ७ लाख रुपये व्याज साचते. २७ लाखांची परतफेड दहा वर्षांत करावयाची झाल्यास मासिक हप्ता सुमारे ३५,७०० रुपये येतो. स्थगितीच्या काळात व्याज भरत राहिल्यास हाच हप्ता सुमारे २६,४०० रुपयांवर येतो. पालकांना थोडेफार व्याज भरणे शक्य असेल, तर त्याचा लाभ किती मोठा आहे हे यावरून दिसते.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मान्यता दिलेल्या पी.एम. विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळविणाऱ्या विद्यार्थ्यांना तारण व जामीन यांविना कर्जाची तरतूद आहे. वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या पात्र कुटुंबांतील विद्यार्थ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर स्थगितीच्या काळात तीन टक्के व्याज सवलतीचीही सोय आहे. यादीतील संस्था ठरविताना ती संस्था या योजनेत आहे किंवा नाही, हे शाखेत विचारून घ्यावे. कर्ज विभागातील कर्मचाऱ्यांनीही केवळ कागदपत्रे न पाहता, विद्यार्थ्याच्या यादीत दुसरा आणि तिसरा पर्याय आहे काय, याची आपुलकीने चौकशी करावी. तो प्रश्न कधी कधी कर्जाच्या रकमेपेक्षा मोलाचा ठरतो.

निकालाच्या आदल्या दिवशी

हा सारा हिशेब संधीचे मोजमाप करतो; मुलाचे नव्हे. शंभरातील चार जणांना प्रवेश देणारी संस्था उरलेल्या शहाण्णवांना अयोग्य ठरवीत नाही. तिच्याजवळ जागाच चार असतात. ही गोष्ट निकालानंतर समजावून सांगितल्यास ती सांत्वन वाटते. निकालापूर्वी सांगितल्यास ती माहिती असते. कुंभकोणममध्ये शिष्यवृत्ती गमावलेला सतरा वर्षांचा मुलगा घर सोडून निघाला, तेव्हा ही गोष्ट त्याला कोणी सांगितली होती किंवा कसे, हे इतिहासात नमूद नाही. आज प्रत्येक घराला ती सांगता येण्याजोगी आहे.

आडुतुरैच्या प्रक्षेत्रावर एका हंगामातून वगळलेले रोप निरुपयोगी म्हणून फेकले जातेच असे नाही. दुसऱ्या हंगामासाठी, दुसऱ्या संकरासाठी ते जपून ठेवले जाते. मुलांच्या बाबतीत पालकांनी आणि शिक्षकांनी निदान एवढे तरी करावे.